एक्केचाळीस नंबरची जागा

चिकमंगळूर, कॉफीचा मळा
ता. ६ फेब्रुवारी १९७७, रविवार

सोजर,

आज सुट्टी हाय म्हणून लिवाय बसलो. आईच्या पाया पडलो म्हणून सांग. धोंडीराम दादा, सारजा वैनी, दोन्ही बैलं, सगळी ठीक असतील असं मी हितं धरून चालतो. मी बी ठीक हाय. जेवण मिळतंय. भात लई असतो, भाकरी न्हाय. आधी पोट भरायचं न्हाय, आता काय वाटत न्हाय.

तुझं पत्र येऊन वीस दिवस झालं. तू चौथी शिकलीस, तुझं अक्षर सरळ. माझं दुसरीतनं पळालेल्याचं, जुळवून वाच. आणि तुझं तूच वाच, दादाकडं देऊ नको.

तू लिवलंस की धरणाचं पाणी या पावसाळ्यात गावात येणार, त्याच्या आत घरं उकलून न्यायची, आणि नव्या गावठाणात आपल्याला एक्केचाळीस नंबरचा प्लॉट लागला. शेजारी दादाचा चाळीस. अक्षय तृतीयेला दोन्ही घरांच्या पायाचा नारळ फोडायचा, आणि पूजेला नवरा-बायको जोडीनं पाटावर लागत्यात, तवा मी यावं. कळवतो. आधी हितलं सांगतो.

हितं डोंगराच्या उतारावर एका म्हाताऱ्या मालकिणीचं घर बांधायचं काम चाललंय. कामावरची माणसं तिला दोड्डम्मा म्हणत्यात, म्हंजे थोरली आई. आमी सोलापूरकडचं सात गवंडी. मुकादम गुरुबसप्पा अक्कलकोटाकडचा, त्याला कानडी येतं म्हणून आमचं निभतं. माझ्या शेजारी मकदूम म्हणून सोलापूर शहरातला गवंडी झोपतो. चांगला हाय. कमी बोलतो.

नकाशा काढणारा सायेब बंगळूरचा. तो आला तवा वाटलं, उद्या पाया खणायचा. त्यानं आठ दिवस फावडं धरू दिलं न्हाय. सकाळी एक वेताची खुर्ची उचलायची, दोड्डम्माला जिथं बसावं वाटंल तिथं ठेवायची, आणि दर तासाला सावली कुटवर आली तिथं खुंटी ठोकायची. वारं कुठनं येतं ते बघाय फांदीला चिंधी बांधली. पाणी उतारानं कसं जातं ते बघाय एक दिवस नुसत्या घागरी वतल्या. गुरुबसप्पा कपाळाला हात लावून म्हणला, "ह्या सायबाला बायकोनं घराभाईर काढलंया रे! बांधायचं घर, आणि ह्यो सगळ्या बसायच्या जागा भाईरच काढतोय!" सगळी हसली. मी बी हसलो.

मग नकाशा निघाला. फणसाचं मोठं झाड हाय, ते तोडायचं न्हाय. पडवीची भिंत त्याला वळसा घालून जाती, कौलांना तिथं जागा सोडायची. बैठकीच्या खोलीत एक काळा खडक आलाय, तो फोडायचा न्हाय, त्याच्या कडंकडंनं फरशी. स्वयंपाकघराचं दार उघडलं की भाईर दगडी पायऱ्या, त्याच बसायच्या जागा, खाली झरा. भिंती बुटक्या, मांडी टेकंल एवढ्या. त्या मी रचतो. बिनचुन्याच्या, दगडात दगड बसवून. सायेब त्यावर बसून बघतो आणि मान हलवतो.

तुझ्या पत्रात हाय की एक्केचाळीसवर एक झाड न्हाय. मुरमाड माळ, फक्कीच्या रेघा, आणि नदी दिसत न्हाय. मग खुंट्या कशाच्या सावलीला मारायच्या? तूच उभी ऱ्हा. सकाळी, दुपारी, चार वाजता, प्लॉटच्या मधोमध उभी ऱ्हा आणि तुझी सावली कुटवर जाती तिथं दगड ठेव. मला कळव. घर कसं घालायचं ते मी हितनं सांगतो.

अजून एक. घराचं दगड, तुळया, चौकटी, सगळं गाडीत घालून न्या. लिंबाखालच्या कट्ट्याचं दगड तेवढं नगं. ते तितंच ऱ्हाऊ द्या, पाण्यात गेलं तरी चालतंय. ते दगड कच्चं हायत.

श्रीमंत


चिकमंगळूर
ता. १३ मार्च १९७७, रविवार

सोजर,

तुझं पत्र पोचलं. आईचा खोकला कमी हाय हे वाचलं. तांबड्या बैलाचा पाय सुजलाय तर हळद-चुना लावा, दादाला ठावं असंलच.

तू उन्हात उभी ऱ्हाऊन सावल्या काढल्यास. शेजारची बजाबाई म्हणली, "काय गं सोजर, नवऱ्याची वाट बघून बघून बुजगावणं झालीस व्हय?" तू तिला काय म्हणलीस ते लिवलं न्हाईस.

सकाळी तुझी सावली म्होरं रस्त्यावर पडती आणि दुपारनंतर मागच्या अंगाला. म्हंजे रस्ता मावळतीला हाय. हे मी जमिनीवर काडीनं काढून बघितलं, मकदूमलाबी दाखवलं. असं कर. सरकारी माणूस म्हणतो दार रस्त्याकडं, तर ठेव, पण लहान. त्या अंगाची भिंत जाड घाला, तिला खिडकी नगं. उन्हाळ्याचं ऊन तिकडनंच मारतं. खरं घर मागं उघडं ऱ्हाऊ दे. मागं सहा हात सोपा, त्याच्या म्होरं अंगण. दुपारपासनं घराचीच सावली तितं पडंल. दळण निवडाय, भांडी घासाय, आईला कलंडाय तीच जागा. भांड्याचं पाणी उताराला काढून द्या आणि त्यावर शेवगा लावा, वरसात डोक्यावर जातो. तवर मांडव घालून दोडक्याचा वेल चढव. माळवदावर जायचा जिना भाईरनं ठेवा, म्हंजे उन्हाळ्यात अंथरूण न्यायला घरातनं जायला नगं. जिन्याला कठडा करा.

दादाला म्हणावं हे मी सायबाकडं बघून सांगतोय, मनानं न्हाय. मग ऐकंल.

हितलं घर छपरापत्तोर आलंय. फणसाच्या बुंध्याला गोल कट्टा बांधायचा निघाला, दोड्डम्माला संध्याकाळी तितं बसायचं हाय. सायबानं माझ्याकडं बोट केलं. मी म्हणलं, मला जमत न्हाय. गुरुबसप्पा वरडला, "अरे, डोंगराएवढ्या भिंती रचल्यास की! कट्टा जमत न्हाय? गावाकडची पोरंसोरं बांधत्यात कट्टं!" मी म्हणलं, न्हाय जमत. तो तोंडाला येईल ते बोलाय लागला, तवा मकदूम उठला आणि माझ्या हातातली थापी घेऊन म्हणला, "तू उदर जा रे, ये मैं करतूँ." त्यानं केला. चांगला झालाय. मी तिकडनं जात न्हाय, पाणी आणाय वरच्या वाटंनं जातो.

तू इचारलंस, दगड कच्चं कसं, तुमीच एकेक ठोकून, आवाज ऐकून आणलेलं. त्याचं मी आता काय लिवत न्हाय.

हितलं काम एप्रिलात संपतंय. तितनं गुरुबसप्पा सगळ्यांना उटीला नेणार. दोन वरसांचं काम हाय. मी त्याला व्हय म्हणलं.

तवा अक्षय तृतीयेला माझं येणं होत न्हाय. दादा आणि वैनी चाळीसवर बसतीलच, एक्केचाळीसवरबी त्यांनाच बसू दे. एकच पूजा दोन जागी. लोक म्हणतील घर मग धोंडीरामाचंच, आणि सोजर त्यात एका खोलीची धनीण. म्हणू देत. दादा तुला कमी करायचा न्हाय.

श्रीमंत


चिकमंगळूर
ता. १० एप्रिल १९७७, रविवार

सोजर,

तुझं कार्ड मिळालं. कार्डावर लिवलंस म्हंजे पोष्टमनापासनं सगळ्या गावानं वाचलं असंल. तुला तेच पायजे होतं, हे मला कळलं.

तीनच ओळी. "वैनींना मी न्हाय म्हणून सांगितलंय. तुमी आल्याबिगर एक्केचाळीसवर नारळ फुटणार न्हाय, पाऊस आला तर पालात ऱ्हाईन. कट्टा मी हातानं उकलला, दगड चांगलं हायत."

ते कार्ड मी चार दिवस खिशात घेऊन काम केलं. घामानं शाई उतरली, पण मला पाठ झालंय.

दगड चांगलंच होतं. मी खोटं लिवलं.

आपल्या दोघांत हे कधी बोललं गेलं न्हाय. तू बोलली न्हाईस आणि मी चौदाव्या दिवशी गाव सोडलं. आता लिवतो. लिवताना मला काय होत न्हाय. म्हणूनच लिवता येतंय.

त्या दिवशी मी कट्ट्याचा वरचा थर घालत होतो. दादानं परमिटवर शिमिटाची एकच गोणी आणली होती, तिच्यासाठी तो तीनदा तालुक्याला गेला होता. मी माल कालवला होता, दोन घमेली. तू पहिल्यांदा भाईर आलीस तवा म्हणलीस, जगूचं अंग लई तापलंय. मी म्हणलं, एवढा माल संपवतो. दुसऱ्यांदा आलीस, म्हणलीस, डोळं फिरवतीया, चारची येष्टी गाठू. मी म्हणलं, कालवलेला माल वाळून दगड होईल, गोणी वाया जाईल, हे एवढंच उरलंय. तिसऱ्यांदा तू काय म्हणली न्हाईस. पोरीला लुगड्यात गुंडाळून नुसती उभी ऱ्हाईलीस. मी तुझ्याकडं बघितलं आणि अजून तीन दगड बसवलं. मग हात धुतलं.

येष्टी वेशीतनं गेली होती. तिचा धुरळा अजून खाली बसला नव्हता, एवढाच उशीर.

दादानं गाडी जुंपली. वढ्यापाशी तू त्याला म्हणलीस, "भावजी, गाडी फिरवा." एवढंच. दादानं मागं वळून बघितलं, मी न्हाय बघितलं.

घरी आल्यावर बाया तुझ्याकडं धावल्या. मी काय केलं ते तुला ठावं न्हाय. मी लिंबाखाली गेलो आणि वरचा थर सुतात हाय का ते बघितलं. वाकून, एक डोळा झाकून. सुतात होता. एक दगडबी हललेला नव्हता. मला रडू आलं न्हाय, अजून आलेलं न्हाय. तवापासनं मी कुटंबी गेलो, कायबी बांधलं, तर असंच हाय. लोक म्हणत्यात श्रीमंताचा हात चांगला. व्हय, हात चांगलाच हाय.

मला वाटायचं धरणाचं पाणी येईल आणि ते झाकून जाईल. मी पाण्याची वाट बघत होतो. आपलं गाव बुडायची वाट बघणारा मी एकटाच असंन.

तू तो कट्टा कसा उकललास ते मला समजत न्हाय. शिमिटातला थर हाय, पहारीबिगर सुटत न्हाय. हाताला लागलं असंल. का उकललास ते मी इचारत न्हाय. त्या दगडांचं काय करायचं ते तू ठरव, मी त्यात तोंड घालणार न्हाय.

काल दुपारी मकदूमला सांगितलं, मला एक पोरगी होती. ती तीन वरसांची होती हेबी सांगितलं. तिचं नाव तोंडातनं काढायला येळ लागला. तो म्हणला, "घर जा." मी गुरुबसप्पाकडं गेलो आणि उटीला येत न्हाय म्हणलं. तो खवळला, "परवा व्हय, आज न्हाय! तोंड हाय का फुटकी मोट? सायबाला काय सांगू मी, कुटनं आणू आता माणूस?" मी म्हणलं, माझ्या घराचा पाया हाय. तो म्हणला, "तुझ्या घराला पाया हाय व्हय! मला वाटलं ह्याला घरच न्हाय." मग स्वतःच जाऊन माझा हिशेब उरकून आला आणि शनिवारच्या गाडीची येळ इचारून आला.

शनिवारी निघतो. कडूर, हुबळी, सोलापूर, जेऊर, अशा गाड्या बदलत मंगळवारपत्तोर पोचंन. जेऊरला कुणाला धाडू नको, मी चालत येतो.

पाटावर माझ्याशेजारी बसायचं का न्हाय हे तुझ्या हातात. नगं वाटलं तर मी आल्याबरोबर सांग, आडून नको, सगळ्यांसमोर सांगितलंस तरी चालंल. मग मी तुझा नवरा म्हणून न्हाय, गवंडी म्हणून भिंती उभ्या करीन, वर माळवद घालीन, आणि जाईन. घर तुझ्या नावानं उभं ऱ्हाईल, दादाच्या न्हाय. लोकांना मी सांगंन की चूक माझी.

बसलीस तर मी ऱ्हातो. तितंबी माल कालवावा लागंल, थर घालावं लागतील, त्याला इलाज न्हाय. पण तू एकदा हाक मारलीस की थापी खाली ठेवून उठंन. दुसऱ्यांदा भाईर यावं लागणार न्हाय.

आईला हे वाचून दाखवू नको. तिला नुसतं सांग, मंगळवारी येतोय.

जगूचा बाप
श्रीमंत