चिंधूच्या टोपलीची आणि पुढच्या खोलीची व्यवस्था

मी, हैबतराव रामजी ढमाले, वय अडुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार पौड, हे इच्छापत्र कोणाच्या दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीचे दुखणे बळावले आहे. बुद्धी जागेवर आहे, निदान पत्नी तसे म्हणते.

१. राहते घर पत्नी सौ. सगुणाबाई हिने हयातभर उपभोगावे. तिच्या मागे ते मुलगा जयवंत याचे.

२. नांदे येथील शेत मुलगी रत्नाबाई हिला. जयवंताने हरकत घेऊ नये. त्याला पुण्यास शिकवायचे म्हणून तिची शाळा मी चौथीत सोडवली होती.

३. घराच्या पुढच्या खोलीत मी खोऱ्यातील जुन्या वस्तूंचा संग्रह केला आहे. धरणात गेलेल्या गावांतली जाती, मापे, नांगर, लोकांनी विश्वासाने आणून दिलेली. दर अमावास्येला शेतीची कामे बंद असत, तेव्हा कुटुंबेच्या कुटुंबे येत. आज्या दळून दाखवत, नातवंडे विचारत, आणि वस्तू ज्या घरची, त्या घराने तिची हकीकत सांगायची असा नेम होता. जयवंत या संग्रहाला भंगार म्हणतो. खोली दुकानाला देण्याचा त्याचा विचार आहे. तसे करू नये अशी माझी इच्छा, पण मेल्यावर मी त्याचा हात धरू शकत नाही.

४. चार वर्षांपूर्वी, पौष अमावास्येस, डोंगरावरच्या कातकरवाडीतला चिंधू बायकोमुलांसह आला. आजाने विणलेली मासे धरायची टोपली त्याने संग्रहाला दिली. ती मी आत मांडली. चिंधू बसायला गेला, तेव्हा शेजारचा भिवाजी उठून म्हणाला, "ह्ये आत बसनार आसतील तर आमी जातो."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. माणसे सारखीच असतात, हे मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. तेव्हा मात्र मी टोपलीच सरळ करीत राहिलो.

चिंधूच म्हणाला, "आमी ओट्यावं बसतो, गुरुजी. पोरास्नी हितनंबी दिसतंय."

टोपलीची हकीकत त्याने ओट्यावरून सांगितली. आत ती कोणी ऐकली नाही. संध्याकाळी सगुणाबाई एवढेच म्हणाली, "टोपली आत घेतली आन् मानसं भाईर बसवली."

पुढच्या अमावास्येस तो आला नाही. मी दोनदा वाडीवर गेलो. पहिल्या खेपेस तो भेटला नाही. दुसऱ्या खेपेस खोपटी रिकामी होती. कोळसा पाडणाऱ्या ठेकेदाराने माणसे कोकणात नेली असे कळले. कुठे, ते कोणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर काही महिने मी अमावास्येचा कार्यक्रम केला. टोपलीची पाळी आली की मी पुढच्या वस्तूकडे वळे, कारण सांगणारे घर नव्हते. शेवटी मीच तो बंद केला. भिवाजीवर माझा राग आहे, पण त्या दिवशी यजमान मी होतो.

५. सदर टोपली चिंधू याची. तो नसल्यास त्याच्या मुलांची. खोली दुकानाला गेलीच, तर इतर वस्तू ज्याच्या त्याच्या घरी पोचवाव्यात.

कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाला मी हा मसुदा दाखवला. तो म्हणाला, "गुरुजी, चिंधूचं आडनाव न्हाई, गाव न्हाई. ह्ये कलम खोडा, कुनालाच लागू व्हायचं न्हाई." त्याचे म्हणणे बरोबर असावे. मी कलम खोडलेले नाही. पत्त्यासाठी खाली एक ओळ कोरी सोडली आहे.

पत्ता:

वाचून, समजून सही केली.
हैबतराव रामजी ढमाले

आमच्यासमोर सही झाली:
१. कोंडीबा धोंडू मारणे
२. नथू बाळा शेडगे (अंगठा)

पौड, ५ मार्च १९६१