तेवीस, हजर

४ सप्टेंबर
—आणि ट्रंक वसतिगृहाच्या जिन्याच्या वळणावर अशी अडकली की ना वर ना खाली. शिपाईकाका म्हणाले, घर उचलून आणलंस का पोरी? शेवटी मावशीने खालून ढुसणी दिली आणि आम्ही तिघं ट्रंकेसकट वर पोचलो. उंच छत, घासून गुळगुळीत झालेली फरशी, खिडकीतून दिसणारं वाचनालयाचं घड्याळ. दोन खाटांमध्ये तिसरीपुरती मोकळी जागा. तिथे फरशीवर खाटेच्या चार पायांचे डाग. खाटेचा आकडा हीच इथे ओळख. माझा चोवीस. खोलीतली दुसरी, बावीस, दम न घेता बोलते, म्हणून सगळ्या तिला टिटवी म्हणतात. निघताना मावशीने बजावलं, रडलीस तर बघ, आणि स्वतःच रुमालात नाक शिंकरलं. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिली.

५ सप्टेंबर
हजेरीची पद्धत जुनी आहे. सकाळी भोजनगृहात खुर्चीमागे उभं राहायचं. रेक्टरबाई डोळे मिटून आकडे म्हणतात, आपण हजर म्हणायचं. आवाज हीच खूण. समोर उभी असून गप्प राहिली तरी ती गैरहजर, आणि गैरहजर मुलीची जागा दुसरीला. तेवीसला कोणी बोललं नाही. ती जागा तेवढी राखून ठेवलेली दिसते. बाई थांबून राहिल्या. चहावर साय धरली, तेव्हा कुठे चोवीस आला. टिटवीला विचारलं. म्हणाली, रोजचंच आहे, गप उभं राहायचं. एवढ्या कमी शब्दांत ती पहिल्यांदाच बोलली.

८ सप्टेंबर
आज भुकेने जीव जात होता. शाळेत मैत्रिणींची हजेरी मीच लावायचे. तेवीस आला तशी आवाज बारीक करून म्हणाले, हजर.
वाटलं, हसतील. कोणी हसलं नाही. बाईंनी डोळे उघडले. म्हणाल्या, आलीस एकदाची.
चहा गरम होता. टिटवी कपाला शिवली नाही.

९ सप्टेंबर
शिपाईकाकांनी तिसरी खाट आणून त्या चार डागांवर ठेवली. बरोब्बर बसली. टिटवीने गादी गुंडाळली. जीभ आवरत नाही का गं तुला, म्हणाली, आता निस्तर तूच. ती खालच्या मजल्यावर गेली. जेवताना माझ्या शेजारी एक जास्तीचं ताट वाढलेलं.

१२ सप्टेंबर
रोज तेवीसलाही मीच हजर म्हणते. म्हटलं नाही तर बाई पुढे सरकत नाहीत आणि सगळ्या माझ्याकडे बघतात. तिसऱ्या खाटेवरची उशी दुपारी खोलगट दिसते. सारखी करते. पुन्हा खोलगट. माझ्या कंगव्यात लांब केस. माझे तर कानापर्यंत कापलेले.

१५ सप्टेंबर
आज तोंड घट्ट मिटलं. तरी हजर ऐकू आलं. शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरून. माझ्याच आवाजात.

१६ सप्टेंबर
आवाज गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घशाला काहीही झालेलं नाही. मावशीला फोन लावला, शब्द फुटेना. ती चिडली. कोण टवाळी करतंय, म्हणाली, आमची पोर आत्ताच तर बोलली माझ्याशी, चांगली खणखणीत. फोन ठेवला.

१७ सप्टेंबर
तेवीस— शेजारून हजर. चोवीस— मी तोंड उघडलं— पुन्हा शेजारूनच. टिटवीने माझ्या अंगावरून हात लांबवून साखर घेतली. जणू तिथे—

१८ सप्टेंबर, दुपार
शेजारी ताट. मला नाही. उद्या दारातली घंटा बडवीन, टेबलावर चढेन, काहीही, पण बाईंनी एकदा डोळे उघडून मला— खाट करकरली. ती उठून— गार हात, माझ्या पेनावर, मावशीला सांगा मी

१९ सप्टेंबर
सकाळी हजेरी झाली. तेवीसला कोणी बोललं नाही. दारातली घंटा बराच वेळ वाजत होती, कोणी मान वळवली नाही. चोवीसला मी हजर म्हणाले. शिपाईकाकांनी तिसरी खाट उचलून नेली. चहावर साय धरली होती. तरी प्यायले. किती वर्षांनी.