मरियेला झगा घालताना मूर्ती कोणी धरावी याबाबत

मी, रंभाबाई लाजर रणदिवे, वय ७४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो आणणं आजवर कोणाला जमलेलंही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. शुक्रवार पेठेतलं दोन खोल्यांचं घर मी शाळेचे गणवेश शिवून स्वकमाईतून घेतलं आहे. माझ्या पश्चात ते माझी सून दीक्षा प्रभु रणदिवे हिच्या एकटीच्या मालकीचं होईल. मुलगा प्रभु याने तिथे सुखाने राहावं, पण घरातली एकही वस्तू हलवण्याआधी तिला विचारावं. कारण पुढच्या कलमात आहे.

२. घरातल्या कोनाड्यात पवित्र मरियेची हातभर उंचीची मूर्ती आहे. माझे पती कै. लाजर यांनी ती आमच्या लग्नाच्या वर्षी मरियेच्या, म्हणजे मोतमाउलीच्या, जत्रेतून मांडीवर ठेवून आणली. तिच्यापुढे रोज संध्याकाळी सात वाजता जपमाळ होत आली आहे. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी. सात वर्षं मला मूल नव्हतं. तेव्हा पहिली अर्धी लाजर म्हणत, दुसरी मी. मग प्रभु झाला.

प्रभु चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. तीन वर्षांपूर्वी तो दुसऱ्या एका प्रार्थना मंडळात जाऊ लागला. "आई, येशू असताना मधी मरिया कशाला?" असं त्याने मला विचारलं. येशूवरचा त्याचा विश्वास माझ्यापेक्षा कमी नाही, हे मी इथे लिहून देते. पण बायबलातल्या काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला, हे येशूला कोणी सांगितलं? आईने. घरात काय संपलंय ते बाईलाच आधी कळतं. आम्ही मरियेला देव मानत नाही, आमचं म्हणणं त्याच्या कानावर घाल एवढंच सांगतो. त्याला हे पटलं नाही.

मागच्या वर्षी मी गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात असताना त्याने मूर्ती पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. तिचा अंगठा तुटला.

दीक्षा बौद्ध घरातली मुलगी. लग्न होऊन आली त्या दिवशीच "मूर्तीला हात लावायचा नाही" असं मी तिला बजावलं होतं. ते माझं चुकलं. बारा वर्षं तिने हात लावला नाही. मी दवाखान्यातून घरी आले तर मूर्ती कोनाड्यात, अंगठा चिकटवलेला. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आत्या, रागवू नका. पोत्यात कुणी ठेवतं व्हय बाईमाणसाला?"

त्या संध्याकाळी प्रभु बाहेर निघून गेला. मी दोन्ही अर्ध्या एकटीने म्हणायला बसले, तर दुसरी अर्धी स्वयंपाकघरातून आली. दीक्षा कणीक मळता मळता म्हणत होती, एक शब्द न चुकता. ती मूर्तीही आता तिचीच. तिने बाप्तिस्मा घ्यावा अशी अट मी घालत नाही. फादरांना याचं वाईट वाटलं तर त्यांनी माझ्या कबरीपाशी येऊन बोलावं.

३. शिवणयंत्र आणि मोठी कात्री दीक्षाला. नणंद नागूबाई हिने मला सात वर्षं वांझ म्हटलं. तिला मी माफ केलं आहे. भांडी मात्र देणार नाही.

४. पोस्टातल्या ठेवीतून माझं दफन लाजरशेजारी करावं. उरेल ते प्रभुचं.

५. दर वर्षी आठ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, तिला नवा झगा लागतो. तो मी गणवेशाच्या उरलेल्या निळ्या कापडाचा शिवते. यापुढे दीक्षाने शिवावा. झगा घालताना मूर्ती दुसऱ्या कोणीतरी धरावी लागते, एकटीने होत नाही. लाजर होते तोवर ते धरत.

६. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी प्रभु यालाच नेमते. "दुसरं कुणी बघा की," असं वकीलसाहेब म्हणाले. दुसरं कोणी नको. मूर्ती धरायचं कामही त्याचंच. अशी अट कोर्टात टिकत नाही असं ते म्हणाले. नाही टिकली तरी लिहा, असं मी सांगितलं.

प्रभु, जपमाळ म्हणू नकोस, गुडघेही टेकू नकोस. तिने तुझ्यासाठी सात वर्षं माझं ऐकून घेतलं. तू वर्षातून एकदा, झगा घालून होईपर्यंत, तिला दोन्ही हातांनी धर. अंगठा सांभाळून.

हे सर्व मला वाचून दाखवलं. "अंगठा सांभाळून" हे मी मागाहून घालायला लावलं. साक्षीदारांनी माझ्यादेखत आणि मी त्यांच्यादेखत सही केली.

सही: रंभाबाई लाजर रणदिवे

साक्षीदार:
१. बसवराज मल्लिनाथ हिरेमठ, शेजारी
२. यशपाल भीमा शिंगे, निवृत्त शिक्षक

सोलापूर, दि. २ सप्टेंबर २०२४