अकरावा हात

प्रिय फरहीन,

तीनदा फोन लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. बोलायला लागलो की मी आडवळणाने जाईन हे मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसलो. तुझ्या अम्मी, आमच्या चाची, बऱ्या आहेत. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी चहा दिला, पण नेहमीसारखं समोर बसल्या नाहीत.

भिंगारचा आपला आखाडा महिनाभर बंद आहे. सिमरनचं तुला राहात्यात सासरी कळलंच असेल. प्रात्यक्षिकात अपघात झाला, एकोणीस वर्षांच्या मुलीचा डावा डोळा गेला, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. समोर काठी घेऊन मी होतो, हेही ठाऊक आहे. डॉक्टरांनी दोनदा शस्त्रक्रिया केली. उपयोग झाला नाही. तिचे वडील टेम्पो चालवतात. ते मला एक शब्द वावगा बोलले नाहीत. उलट म्हणाले, "वस्ताद, तुमचा काय दोष, नशीब आमचं." ते ऐकून घेऊन मी घरी आलो.

तुझे अब्बा कंपनीत टर्नर होते. पाळी संपली की मैदानावर यायचे आणि लाठी, पट्टा या दोन्हींतलं घेऊन स्वतःची विद्या बसवायचे. काठीच्या दहा चाली, म्हणजे दहा हात, त्यांनी सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्या. दहा हात नीट आले की खलिफा, वस्तादाच्या खालोखालचा. अकरावा हात मात्र एकालाच, दार लावून, समोरासमोर द्यायचा. ज्याला तो मिळेल तो पुढचा वस्ताद. आधीचा वस्ताद वारला की त्याच्या चाळिसाव्याच्या दिवशी याने तो सर्वांसमोर एकदा करून दाखवायचा आणि पितळी टोपणाची काठी घ्यायची. या रिवाजातली खोट त्यांना कधी दिसली नाही, कारण माणसं खोटी असतील हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. जो हात कुणालाच माहीत नाही, तो बरोबर की चूक हे कोण सांगणार?

मी आमच्या वस्तीतून पहिल्यांदा आलो तेव्हा बारा वर्षांचा होतो. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. माझा डावा कोपर सारखा खाली पडायचा. अब्बा ओरडायचे, "कारभारी, तुझा कोपर म्हंजे उघडं दार हाय. कोनबी येईल, चहा पिऊन जाईल!" सगळा आखाडा हसायचा. पुढे तू पाच-सहा वर्षांची झालीस आणि तूही मला 'चहावाला भाऊ' म्हणायला लागलीस. दहा हात शिकलो, खलिफा झालो, पण तो कोपर पुरता कधी सुधारला नाही.

आता जे लिहितो ते तुला माहीत नाही. जाण्याआधी चार दिवस अब्बांनी मला एकट्याला जवळ बोलावलं. म्हणाले, "अकरावा फरहीनकडं हाय. काठी तिच्या हातात दे. लोकं बोलतील, बोलू दे. तू खलिफा हायेस. तू तिच्या मागं उभा राह्यलास की सगळे गप." मी त्यांचा हात धरून हो म्हणालो.

ते गेल्यावर आखाड्याच्या समितीची बैठक झाली. अध्यक्ष आबासाहेबांनी विचारलं, अकरावा कुणाला दिला? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फक्त गप्प बसलो. आबासाहेब म्हणाले, "बघा, मोठा मानूस आपल्या तोंडानं सांगत न्हाई!" लोक हसले. मीही हसलो. संध्याकाळपर्यंत आमच्या वस्तीत माझा फलक लागला. तिसगावहून पाहुणे आले, माझी आई कलाबाई फलकाखाली उभी राहून रडली. मनाशी म्हणालो, फरहीन सासरी आहे, तिला कोण वस्ताद म्हणणार, तिलाच त्रास. पण ते खरं नव्हतं. मला वस्ताद व्हायचं होतं.

आठ दिवस गच्चीवर जाऊन मी एक हात रचला. चाळिसाव्याला तो केला आणि टाळ्या पडल्या. तू चाचींजवळ दारात उभी होतीस. तू शेवटपर्यंत बघितलंस, मग वळून आत गेलीस. एका शब्दाने तू मला तिथेच खाली उतरवू शकली असतीस. अब्बांनी तुला प्रेमापोटी एक हात शिकवला आणि गादीसाठी मला दुसराच दिला, असं तुला वाटलं असेल. तुझ्या त्या समजुतीवर मी दोन वर्षं वस्ताद म्हणून मिरवलो.

यंदाच्या प्रात्यक्षिकात समितीला लोकांना काही नवं दाखवायचं होतं. आबासाहेब म्हणाले, एकालाच द्यायचा रिवाज राहू द्या बाजूला, अकरावाच होऊ द्या, मुलगी करेल तर आणखी नाव होईल. नाही म्हणायला माझ्याकडे कारण होतं, पण ते सांगण्याजोगं नव्हतं. सिमरनला मी तीन आठवडे शिकवलं. पोरगी हुशार, एकदा दाखवलं की तसंच्या तसं. त्या दिवशीही तिने तसंच केलं. शेवटच्या वळणावर तिचा डावा कोपर खाली आला, मी शिकवला होता तिथेच, आणि माझी काठी सरळ आत गेली. काठी लागायच्या आधीच मला ते उघडं दार दिसलं होतं. फरहीन, ते माझं होतं.

काल तिला भेटायला गेलो. डोळ्यावर पट्टी होती. आई बाहेर जायची वाट पाहून ती हळूच म्हणाली, "वस्ताद, माझ्याकडून कोपर खाली राह्यला ना? मी चुकले. बरी झाले की परत शिकवा, आता न्हाई चुकनार." ती चुकली नव्हती, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. येत्या रविवारी समितीची बैठक आहे. तिथे मी सगळं सांगणार आहे, काठी टेबलावर ठेवणार आहे. पोलिसांत जायचं तर तिथेही जाईन. पण सिमरनचा माझ्या शब्दावर विश्वास बसणार नाही. वस्ताद आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतायत, असंच ती समजेल. म्हणून तू ये. आखाड्यासाठी नको, माझ्यासाठी तर नकोच. तिच्या उजव्या बाजूला, तिला दिसेल अशी उभी राहा, आणि तुझ्या अब्बांचा अकरावा हात तिला एकदा करून दाखव. शेवटच्या वळणावर तुझा कोपर कुठे असतो ते तिला बघू दे.

तुझाच,
कारभारी खलिफा