अण्णांच्या कपाळावरचं भस्म

मंगळवार, १८ नोव्हेंबर. जिंतूर

परभणीच्या डॉक्टरांनी आज अण्णांना स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट नाकाजवळ येईपर्यंत ठीक, मग थरथरलं आणि गालावर गेलं. डॉक्टर म्हणाले, हातात ताकद आहे. पण हात कुठं थांबवायचा, पाऊल किती टाकायचं, हा अंदाज डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू ठेवतो. तो झिजत चाललाय. मी मान हलवली. काहीच वाटलं नाही. का?

अण्णा जन्मभर आरशाशिवाय कपाळावर भस्माचे तीन पट्टे सरळ ओढत आले. दोन महिने झाले, पट्टे वाकडे आणि चाल झोकांड्यांची. आमच्या लिंगायत घरात दारू कधी शिरली नाही. तरी परवा मी बापाच्या तोंडाचा वास घेतला. ते झोपलेत असं समजून.

आज संध्याकाळी पूजेला बसल्यावर त्यांनी भस्म माझ्यापुढं धरलं. "तूच लाव." मी वाकलो. दोन पट्टे झाले, तेव्हा डोळे मिटूनच म्हणाले, "त्या दिवशी वास घ्यायला बी एवढाच जवळ आलतास."

मी तिसरा पट्टा ओढला.