दुपारचं भूत

४ मे, रविवार. अकोला
आज जुन्या शहरातल्या आमच्या घरात भूत आणलं! अंकुरच्या सिनेमाच्या ट्रेलरचं शूटिंग. दिग्दर्शक तो, आवाज आणि संकलन माझ्याकडे. त्याला रात्र हवी होती. मी म्हटलं, अकोल्यातली मे महिन्याची दुपार बघ आधी. गल्लीत कुत्रं नाही, दारं बंद, पडद्यातून पिवळा उजेड. रात्री निदान माणसं ओट्यावर बसलेली तरी असतात! पटलं त्याला.

अडलं ते फोटोंवर. भिंतीवर भगवान बुद्ध, बाबासाहेब, शेजारी आमचे बाबा. अंकुर म्हणाला, तेवढे उतरवू या. आई ठाम — "फोटो उतरनार नाई. तुमच्या खोट्या भुतासाठी कावून उतरवू? आपल्यात भूतबीत नाई रायत." मग कॅमेराच फरशीवर ठेवला. नुसते पाय दिसतात, पलंगाखालचा अंधार आणि अर्धं दार. वर काय आहे ते कळत नाही, आणि भीती नेमकी त्याचीच वाटते! आईचे आभार मानले. म्हणाली, "चहा मांडू का?"

६ मे. अमरावती
घोटाळा! सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये कूलर घरघरतोय. शूटिंगला तो बंद करायचा असतो, हे मे महिन्यात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नाही ना! हेडफोन लावला आणि कपाळावर हात मारला.

८ मे
कूलरनंच तारलं.
हल्लीचे ट्रेलर म्हणजे धाडकन दार, किंकाळी, काळा पडदा. दुसऱ्यांदा कुणी दचकत नाही. मी घरघर काढलीच नाही, ट्रेलरभर राहू दिली. कान सरावतात. आणि पलंगाखालून पाय सरकतात त्या क्षणी — एकदम बंद! संगीत नाही, काही नाही. कूलर थांबला की झोपलेलं घर कसं उठून बसतं, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. माझंच काम, आणि मीच दचकले! त्यानंतर आईचं मोठं पातेलं, आमच्याकडचा गंज, फरशीवर ओढल्याचा आवाज, वेग कमी करून. बाई कण्हतेय असंच वाटतं.
खूश आहे. फार खूश!

१२ मे. बुद्ध पौर्णिमा, अकोला
आईच्या हातची खीर. तिला ट्रेलर दाखवला. "हा तं आपला गंज हाय!" — आणि हसत सुटली. घाबरायचं नाव नाही.

संध्याकाळी पुण्याहून दादाचा फोन. घराला गिऱ्हाईक मिळालं — ओमप्रकाशजी, कापडवाले. घर विकून आईला पुण्याला न्यायचं हे त्याचं कधीचं चाललंय. "ती एकटी किती दिवस राहणार?" चूक तरी काय म्हणू? आई म्हणाली, "तुमी म्हनसान तसं." आणि स्वच्छ भांडं पुन्हा घासायला घेतलं.
बाबांनी बांधलेलं घर. मला विकायला अजिबात नको आहे. पण मी अमरावतीत राहून असे काय दिवे लावते? 

१७ मे
ट्रेलर आला! दिवसभर फोन वाजतोय. एकानं लिहिलंय — "कूलर बंद झाला तं मोबाईल फेकून देल्ला मी." याहून मोठं बक्षीस नको मला.

१८ मे
ओमप्रकाशजी आज घर पाहून गेले म्हणे. आईनं त्यांना चहा दिला, सगळ्या खोल्या दाखवल्या. एवढंच सांगितलं तिनं फोनवर.

२० मे
सौदा फिसकटला. त्यांनी दादाला कळवलं, नको घर. दादा माझ्यावर भडकला — "तुझ्या त्या ट्रेलरनं वाट लावली! भुताचं घर कोण घेणार आता?" खूप रडले. आणि आतून सुटल्यासारखंही वाटलं, त्याची वेगळी लाज. आईची फोनवर माफी मागितली. "जाऊ दे वं ज्योत्स्ना. आंबे सस्ते झाले का तिकडं?" तिला माझा राग येत नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

२५ मे. अकोला
आईला पातळ घ्यायचं म्हणून मुद्दाम ओमप्रकाशजींच्या दुकानात गेले. म्हटलं, काकाजी, तो ट्रेलर खोटा आहे, नुसता गंज ओढलाय आम्ही. ते बघतच राहिले. "कोणता ट्रेलर, बेटी? मी तं काही पायला नाही. तुमच्या आईनंच सांगितलं ना — एक बाई दुपारची येते, पलंगावर बसते, पण गरीब हाय बिचारी, मले सवय झाली."
एकाऐवजी दोन पातळं घेतली. दादाला यातलं काही सांगणार नाही.