पवनचक्कीच्या गावात दुभाषी

६ जाने.
पवनचक्की कंपनीचा फोन. परदेशातली सरकारी बँक त्यांना कर्ज देते, तिची माणसं पाहणीला येणार. गावकऱ्यांशी बोलायला दुभाषी हवा, तोही कंपनीबाहेरचा. इंग्रजीचे क्लास घेते म्हणून माझं नाव कुणीतरी सुचवलं. हो म्हटलं.

८ जाने.
त्या गावचे अण्णा आमच्या कापडदुकानात. कंपनीचे सगळे ठेके त्यांचेच. ह्यांच्याकडून शर्टपीस घेतला, जाताना हसत म्हणाले, "गावातली माणसं अडाणी हायत, लई बोलतेत. मॅडमला म्हणावं, समदं इंग्रजीत आणायची गरज न्हाई."
हे जेवले नाहीत. "कावून हो म्हणलीस?" एवढंच.

९ जाने.
नाही सांगायला कंपनीत फोन केला. "आता दुसरं कोण मिळणार?" लेकीला रिक्षाने येऊ दिलं नाही, शाळेतून मीच आणलं.

११ जाने.
पारावर बैठक. बँकेची बाई समोर, अण्णा मागे खुर्चीवर. रस्ता झाला, पोरांना काम लागलं... सगळे चांगलंच बोलत होते. मलाही सुटल्यासारखं वाटत होतं. मग गावातली कौसाबाई उठली.
"माज्या लेकानं जमिनीच्या कागदावर सही न्हाई केली तर त्याला गाडीत घालून नेलतं. हात मोडून आणून टाकला. सांग बाई तिला."
म्हटलं, हिची जमिनीबद्दल तक्रार आहे. बँकेच्या बाईने लगेच विचारलं, कसली? कौसाबाई माझ्याच तोंडाकडे बघत होती.
सांगितलं. सगळं. इंग्रजीत फार लहान वाक्य झालं ते.
अण्णा उठून गेले. बोलले असते तर बरं...

१२ जाने.
बँकेच्या बाईला कौसाबाईच्या मुलाला एकट्याला भेटायचं होतं. गेलो तर घराला कुलूप. शेजारीण दारातूनच, "पाव्हण्याकडं गेले. कुटं ते न्हाई ठावं." तिच्या हातात माझा नंबर ठेवला.

१५ जाने.
चौकशी होईपर्यंत बँक पैसे थांबवणार. चक्क्यांचं काम बंद. कामावरची पोरं चौकात बसून असतात, मी दिसले की गप्प होतात. हे म्हणतात, लेकीला घेऊन लातूरला आईकडे जा.

१८ जाने.
दुपारी अनोळखी नंबर. कौसाबाईचा लेक.
"ताई, बँकेच्या लोकायला मी सोता सांगतो. पण तुमी असाल तरच."
ह्यांनी समोरून मान हलवली. नको.
थोड्या वेळाने फोन करते म्हटलं. "बरं, मी हितंच हाय," म्हणाला.
संध्याकाळ झाली. अजून केला नाही.